तिसरी पायरी

तोंडावर रुमाल गुंडाळलेला नसता तर त्यांनी मुकुंदला ओळखलं असतं, आणि मग मनस्विनी ते बोललीच नसती. क्रांती चौकाचा सिग्नल एप्रिलच्या उन्हात वाटतो तेवढा लांब होता. सगळं शहर तोंडं बांधून हिंडत होतं, नुसते डोळे उघडे. पुढं देवेशची मोटरसायकल, मागं बसलेली त्याची बायको मनस्विनी, आणि त्यांच्या मागं हातभर अंतरावर मुकुंदची स्कूटर. हाक मारावी म्हणून त्यानं रुमाल ओढायला हात वर नेला, तेवढ्यात मनस्विनी नवऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "उद्या बाराव्या पायरीला मी उडणार आहे, सांगून ठेवते. ओवैसला म्हणावं, आता पंख दे." देवेश हसला. म्हणाला, "बुधवारी उड की लागंल तेवढी. पण रविवारी दादांकडं तिसऱ्या पायरीवर रांगायचंय, ते ध्यानात ठेव. मागच्या खेपेला तिथं आठव्या पायरीचा मंत्र म्हणायला लागली होतीस." "गप रे. सावरून घेतलं ना मी?" "दादांना काय पत्ता लागतोय! त्यांचा आपला पूर्वरंग चालू." दोघंही हसली. वाईट हसली असती तरी बरं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाविषयी बोलताना हसतात तशी, मायेनं हसली. सिग्नल सुटला, मोटरसायकल गेली, आणि मुकुंदचा हात तसाच गालापाशी राहिला. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ चाचा, सो गये क्या? हरा हुआ, हरा!"

तो निघाला, पण उस्मानपुऱ्याकडं वळायचं विसरून सरळ जालना रोडला लागला. उड्डाणपुलाखाली सावलीचा पट्टा होता तिथं स्कूटर उभी केली आणि उगाचच मागचं चाक दाबून पाहिलं. बारावी. त्याच्या घरातल्या टेबलावर हीच माणसं, हीच पात्रं घेऊन गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून तिसऱ्या पायरीवर बसलेली होती. चौथीसाठी मनस्विनी दर रविवारी लाडीगोडी लावायची, "दादा, आज तरी?" आणि तो मान हलवून म्हणायचा, "अजून वेळ आलेली नाही." ती गाल फुगवायची. ते गाल फुगवणं खोटं होतं, हे आता उन्हात उभं राहून एकेक रविवार उलटा मोजावा तसं त्याला कळत चाललं. कुठपर्यंत खरं होतं आणि कुठून खोटं सुरू झालं, तो सांधा मात्र सापडेना.

हा खेळ सोंगट्यांचा नव्हे, पटाचाही नव्हे. टेबलाभोवती माणसं बसतात. एक जण, कथेकरी, गोष्ट सांगतो आणि वाटेवर भेटणाऱ्या माणसांचे आवाजही तोच काढतो, बाकीचे त्या गोष्टीतली मुख्य माणसं होतात. पुढं दरी आहे, कथेकरी म्हणतो, काय करता? मी उडी मारतो, एक जण म्हणतो. मग बहुपैलू फासा पडतो आणि उडी पुरते किंवा पुरत नाही. असं झुंजत, फसत, सावरत पात्र पायरी चढतं. पायरी चढलं की अंगात बळ येतं, नवा मंत्र मिळतो, नवं शस्त्र उचलता येतं. आणि पायरी कधी द्यायची, हे एकट्या कथेकऱ्याच्या हातात असतं. देवेश मूळचा लासूर स्टेशनचा. पुण्याच्या होस्टेलात तो हे शिकला, आणि वाळूजला नोकरी लागून बजाजनगरात राहायला आल्यावर त्यानं इथं माणसं जमवली. पहिले दोन रविवार त्यानंच गोष्ट सांगितली. तिसऱ्या रविवारी म्हणाला, "दादा, हे काय आपल्याच्यानं व्हत नाय. मी सांगाय लागलो की राक्षस बी जांभया देतोय. तुम्ही कीर्तनात ऱ्हाता, तुम्हीच सांगा." मुकुंदनं सांगितलं. त्यानं सगळ्याला मराठी नावं दिली, सातकोट नावाचा एक देश रचला, सात तटांच्या आतला, जिथल्या बारवांतलं पाणी कुणीतरी कुलूप घालून ठेवलंय. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता, त्या दुष्काळात हे सुरू झालं. देवेशचा ढालकरी मोतीराम, ओवैसचा एक डोळ्याचा हकीम, आणि बँकेत नुकतीच लागलेली, कुणाच्या तरी ओळखीनं आलेली मनस्विनी, तिची जोगीण निशिगंधा. ढालकऱ्यानं जोगिणीला इतक्या वेळा वाचवलं की पुढच्या वैशाखात दोघांचं लग्नच झालं. अक्षता टाकताना मुकुंदला वाटलं होतं, आपल्या टेबलानं जगात एक तरी खरी गोष्ट केली.

घरी आला तेव्हा वैदेही पिंपाच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडत होती. नळ चौथ्या दिवशी येणार होता. तिनं विचारलं, "उशीर?" "ट्रॅफिक." ती म्हणाली, "रविवारी पोहे करू की उपमा? पोह्यांना धुवायला पाणी लागतं." रविवार हा शब्द त्याला चटका बसल्यासारखा लागला. "काहीही कर." "अहो, तुमच्या त्या सातकोटात तरी एकदा पाणी सोडा. आणि द्या की त्या पोरांना ती पायरी. तुमच्या खिशातनं जाते का काही?" हे ती नेहमीच म्हणायची, आणि तो नेहमी हसून टाळायचा. आज तिच्याकडं बघवेना. तिलाही माहीत असेल का? मनस्विनी स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत उभी राहायची ते काय बोलायची? एकदा का शंका घरात शिरली की ती भांड्याभांड्यात वास घेत फिरते. तो बाहेर येऊन गॅलरीत उभा राहिला.

खिशातनं काय जातं, हे तिला सांगता आलं नसतं. गोष्टीची सगळी पेरणी तो कीर्तनातून शिकला होता. कीर्तनकार यमुनाबाई उभ्या राहिल्या की आधी नमन, मग पूर्वरंग, एकच ओवी घेऊन तिचं निरूपण, तिला वाटेल तितकं फिरवणं. लोकांचं लक्ष आख्यानाकडं लागलेलं असायचं, गोष्ट कधी सुरू होते याच्याकडं. आणि बाई गोष्ट द्यायच्या नाहीत. भूक वाढू द्यायच्या. मध्यंतरात बुक्का लागायचा, हार पडायचा, नामाचा गजर व्हायचा, आणि मग माणसं अशी मऊ होऊन बसलेली असायची की आख्यानातल्या राजानं नुसतं पायताण काढलं तरी बायकांच्या डोळ्यांत पाणी. अधिकार लागतो, असं बाई म्हणायच्या. ऐकायलासुद्धा अधिकार लागतो. तो अधिकार मुकुंदनं स्वतःच्या हाडांत मुरवून घेतला होता. आठवीत असताना तो त्यांच्यामागं बसायला लागला. हातात दिली सूरपेटी. भाता ओढायचा, एकच सूर धरून ठेवायचा. कितीतरी वर्षं तोच सूर. शेजारी अप्पाराव पेटी वाजवायचे, त्यांची बोटं पट्ट्यांवरनं खारीसारखी पळायची, आणि मुकुंदच्या बोटांना रात्री झोपेत मुंग्या यायच्या. बाईंनी पेटी दिली नाही. अप्पाराव गेले तेव्हाच दिली. त्या ओढाताणीतून आपल्यात काहीतरी पिकलं, अशी त्याची श्रद्धा होती. देव उशीर करतो तो माणूस घडवायला करतो. म्हणून सातकोटात पायरी स्वस्त नव्हती. लोक म्हणत, दुसऱ्या गावांत, नेटवर, पोरं दर दोन खेळांना एक पायरी चढतात, महिन्याभरात देवांशी झुंजतात. मुकुंदला त्याची शिसारी होती. पहिल्या पायरीवर माणूस उंदराला भ्यायला पाहिजे. तरच पुढं वाघाला न भिण्यात काही अर्थ.

पण सगळं असं सोवळं नव्हतं, आणि गॅलरीत उभं राहून समोरच्या नव्या इमारतीच्या बांबूंच्या परांच्या बघताना त्याला तेही दिसलं. कंपनीत तो क्वालिटीला होता. तिथं त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आता केबिनमध्ये बसत. दर मार्चला त्याला बोलावणं यायचं, वयानं त्याच्याहून लहान साहेब खुर्ची पुढं करायचा, म्हणायचा, "मुकुंदराव, यंदा थोडं थांबा." आणि मुकुंद थांबायचा. थांबण्यात तो तरबेज होता. त्या मार्चनंतरच्या रविवारी त्याचा आवाज टेबलावर जरा जास्त घनगंभीर व्हायचा, हे त्याला आत्ता आठवलं. "अजून वेळ आलेली नाही," असं म्हणताना जिभेला एक गोडी यायची. ती कीर्तनाची गोडी होती की दुसरी कसली, हे त्यानं कधी चाखून पाहिलं नव्हतं. शहर तर बघता बघता वर चाललं होतं. बीड बायपासला मोकळ्या रानात मजल्यावर मजले. ओवैस एका आर्किटेक्टकडं त्यांचीच चित्रं काढायचा. हसून सांगायचा, "दादा, गच्चीवर पोहायचा तलाव काढला आज. पानी किधरसे आयेगा पूछा, तर साहेब म्हणे, तू निळा रंग भर." सगळे खूप हसले होते. त्या हसण्यात मुकुंदचं टेबल तेवढं एक खरं आहे, संथ आहे, जमिनीवर आहे, असा त्याला अभिमान वाटला होता.

बुधवारी संध्याकाळी तो दूध आणायला म्हणून निघाला आणि ओवैसच्या गल्लीतून गेला. ती वाट दुधाची नव्हती. खाली देवेशची मोटरसायकल होती. आधीही त्यानं ती इथं पाहिली होती, मित्र आहेत, येत असतील, एवढंच वाटलं होतं. वर खिडकी उघडी. फासा लाकडावर पडल्याचा आवाज त्याला रस्त्यावर ऐकू आला, किंवा ऐकू आलासं वाटलं. मग मनस्विनीची किंकाळी, आणि टाळ्या. ती उडाली असणार. सातकोटाच्या सातही तटांवरून, कुलूप घातलेल्या बारवांवरून, त्यानं एकेक दगड सांगून बसवलेल्या वेशीवरून ती उडाली असणार, आणि खाली सगळं किती लहान दिसलं असेल तिला. ओवैसची अम्मी गुलशनबी जिन्यात बसून शेंगा निवडत होत्या. त्यांनी ओळखलं. "क्या बेटा, वर नाही जात? सब आयेच हैं." तो म्हणाला, "नाही खाला, दूध आणायचंय." "तुमचं नाव घेतात ना पोरं. हर बुधवारी घेतात." त्या भोळेपणानं म्हणाल्या. मुकुंदनं मान हलवली आणि दूध न घेताच घरी आला.

शनिवारी कीर्तन होतं, गल्लीतल्या विठोबाच्या देवळात. आताशा यमुनाबाई थकल्या होत्या, पण नऊवारी नेसून, चिपळ्या हातात घेऊन उभ्या राहिल्या की वय खाली गळून पडायचं. मुकुंद पेटीवर. त्याला वाटलं होतं, इथं तरी मन स्थिर होईल. बाईंनी ओवी घेतली आणि निरूपण रंगात आलं, तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. तीन दिवस वाट पाहिलेला टँकर. आधी दाराजवळच्या बायका चुळबुळल्या. मग एक उठली, मग चार. कुणी पदर तोंडाला लावून, कुणी पांडुरंगाला हात जोडून, पण उठलीच. रस्त्यावर घागरींचा खणखणाट सुरू झाला. मुकुंदला राग आला, असा की त्याची बोटं पट्टीवर घट्ट दाबली गेली. एवढा धीर नाही? आणि तेव्हा यमुनाबाईंनी निरूपण वाक्याच्या मध्यावर सोडलं. चिपळी वाजवून त्याला खूण केली, सूर बदल. ना मध्यंतर, ना बुक्का, ना हार. एकदम आख्यान. राजा राज्य सोडून निघाला, वेशीबाहेर आला, बायकोनं विचारलं, पाणी कुठाय, आणि बाई ते असं सांगू लागल्या की उठलेल्या बायका घागरी कमरेवर घेऊन दारातच थबकल्या. बाहेर नळी गल्लीच्या तोंडाशी होती. ती देवळापर्यंत यायच्या आत बाईंनी राजाला परत राज्यावर बसवला, भैरवी घेतली, आरती उरकली आणि म्हणाल्या, "जा गं आता बायांनो. पळा." बायका डोळे पुसत, हसत पळाल्या. मुकुंद मागच्याच सुरावर राहिला होता. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

सगळे गेल्यावर यमुनाबाई पायरीवर बसून साखर-फुटाणे खात होत्या. तो जवळ जाऊन बसला. "पूर्वरंग अर्धाच राहिला, बाई."

"राहू दे."

"लोकांची तयारी व्हायच्या आतच गोष्ट दिलीत."

"मग काय करू? घागर घेतलेल्या बाईला माया आणि ब्रह्म समजावून सांगू? हातात फुटाणे घे. असा काय दिसतोस, आजारी?"

"तुम्हीच शिकवलंत थांबायला," तो म्हणाला, आणि आपला आवाज चढलाय हे त्याला उशिरा कळलं. "मला भात्यावर बसवलंत. किती वर्षं! पेटीला हात लावू दिला नाहीत. का, तर अधिकार नव्हता."

यमुनाबाईंनी फुटाणा चावता चावता त्याच्याकडं पाहिलं. दातांमुळं त्यांना वेळ लागायचा. "कुणी सांगितलं तुला हे?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"अरे मुकुंदा, मी कशाला अडवीन? तू कधी मागितलीसच नाही. अप्पाराव म्हणायचे, बाई, त्या पोराला एकदा बसवून बघा पेटीवर. मी म्हणायचे, कशाला, भाता ओढतोय सुखानं, त्याला त्यातच गोडी आहे." त्या हसल्या. "आणि तुझा भाता होताही छान. एकसारखा." मग उरलेले फुटाणे त्याच्या तळहातावर ओतून त्यांनी विचारलं, "वाट बघत होतास होय रे?"

तो फुटाणे मुठीत धरून उठला. सांगून काय? चालत घरी येताना गल्लीभर सांडलेल्या पाण्याचे ओघळ दिव्यात चमकत होते, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, की ती वर्षं रिकामी होती. त्यांना कुणी रचलं नव्हतं. पलीकडून कुणी बघत नव्हतं की पोरगं पिकतंय का. ज्या दगडावर त्यानं सातकोट उभा केला, तो दगडच नव्हता. एका म्हाताऱ्या बाईला विचारायचं राहून गेलं आणि एका मुलाला मागायचं राहून गेलं, एवढंच. आणि तेवढ्यावर तो जन्मभर लोकांना थांबवत आला. विठोबाला त्यानं मनातल्या मनात म्हटलं, तू तरी सांगायचंस. लगेच कान धरले. रात्री झोप आली नाही ती यामुळं नव्हे. तो उद्याची गोष्ट रचत पडला होता. उद्या पायरी द्यायची. बारवेचं कुलूप काढायचं, सातकोटात पाणी सोडायचं, आणि चौथी पायरी द्यायची. बुधवार काहीही असो. तिसरी दिली होती तेव्हा ते तीन चेहरे जसे उजळले होते, तसे उद्या एकदा उजळले तर हे टेबल अजून त्याचं होतं. नाही उजळले तर त्याच्याकडं काय होतं? ते त्यानं पुढं पाहिलं नाही.

रविवारी तिघं आली. वैदेहीनं उपमा केला. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसता गरम वारा फेकत घरघरत होता. मुकुंदनं इतकी चांगली गोष्ट कधी सांगितली नव्हती. बारवेत उतरणारे कातळ, पायाखाली चुरणारं वाळलेलं शेवाळ, तळाशी बसलेली आणि कुलूप आपल्या केसांत गुंतवून ठेवलेली म्हातारी. तिला मारायचं नव्हतं, तिच्या केसांची गाठ सोडवायची होती. ओवैसच्या हकिमानं तिच्या डोक्याला तेल लावलं. देवेश म्हणाला, "माझा मोतीराम ढाल उलटी धरतो, पाणी आलं तर पहिलं ढालीत घेतो," आणि मुकुंदच्या अंगावर काटा आला, कारण हे किती सुंदर होतं. ते मन लावून खेळत होते. खरंच खेळत होते. गाठ सुटली. पाणी आलं. मुकुंद थांबला, एकेकाकडं बघितलं आणि म्हणाला, "चौथी पायरी."

"अगं बाई!" मनस्विनीनं टाळी वाजवली. देवेशनं टेबलावर मूठ आपटली, "जमलं रं भावा!" ओवैसनं दोन्ही हात वर केले. मनस्विनी आत धावली, "वहिनी, दिली! दिली दादांनी!" आणि आतून वैदेहीचा आवाज आला, "अग्गोबाई, सूर्य कुठं उगवला?" सगळं बरोबर होतं. चेहरे उजळले होते. मुकुंद खुर्चीत मागं रेलला. मग मनस्विनी येऊन बसली आणि म्हणाली, "मी सावलीमंत्र घेते," आणि तिनं तो आपल्या कागदावर लिहून टाकला.

लिहून टाकला. इतकंच. देवेशनं दुहेरी वार घेतला, ओवैसनं विष उतरवण्याची विद्या. पाच मिनिटांत सगळं झालं. मुकुंद वाट पाहत राहिला. तिसऱ्या पायरीला ही तिघं भांडली होती. प्रकाशमंत्र जोगीण झोपल्यावर टिकतो का, भिंतीपलीकडं जातो का, दिवसातून कितीदा म्हणता येतो, भिजल्यावर विझतो का. लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात आवाज चढलेले, चहा गार झालेला, मनस्विनी रडकुंडीला आलेली, "दादा, सांगा ना याला!" आज कुणी काहीच विचारलं नाही. सावलीमंत्र दुपारी बारा वाजता चालतो का, हे तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. तिनं तो कितीदा वापरला होता, त्याच्या जोरावर कुणाकुणाला चकवलं होतं, आणि मग तो मागं टाकून पुढं गेली होती. लहानपणीच्या शाळेत उभं राहून बाकाला हात लावावा तशी ती त्या पायरीवर हसतमुखानं उभी होती.

तो म्हणाला, "आज इथंच थांबू."

देवेश आणि मनस्विनी गेली. जिन्यात मनस्विनी मागं वळून म्हणाली, "दादा, भारी झालं आज. खरंच," आणि हे खरं होतं, त्यामुळंच जास्त लागलं. ओवैस मागं राहिला. खुर्च्या भिंतीला लावू लागला. हे तो दर वेळी करायचा. आज एकेक खुर्ची फार हळू लावत होता.

"ओवैस," मुकुंद म्हणाला, "बुधवारी तुझ्याकडं एखादी खुर्ची जास्तीची असते का?"

ओवैसचा हात खुर्चीवरच राहिला. "अम्मी बोली क्या तुमको?"

"नाही. मला कळलं."

"दादा..." तो बसला, जी खुर्ची लावायची होती तिच्यावरच. "वाईट नक्को वाटून घेऊ. मी कितीदा म्हटलं यांना, सांगून टाकू. मनस्विनी म्हणाली, दादांचं मन मोडेल. आम्ही इथं येतो ते काय कीव म्हणून नाही हां. कसम से. तुमच्यासारखी गोष्ट मला येत नाही. माझ्याकडं नुसती धावपळ असते. पण दादा, माणसाला वर चढावंसं वाटतं ना. सगळं शहर चढायला लागलंय."

"माहीत आहे," मुकुंद म्हणाला. "मी रागावलो नाही. मला फक्त बसायचंय. एक पात्र दे मला. कसलंही."

ओवैस खुर्चीचा हात नखानं खरवडू लागला. कूलर घरघरत होता. कुणीही पटकन हो म्हटलं असतं, असा तो प्रश्न होता, आणि ओवैस जात्याच नाही म्हणणारा माणूस नव्हता. म्हणून मुकुंदनं विचारलं, "काय आहे?"

"आहे एक... म्हणजे होता." ओवैसनं दाढी खाजवली. "आमच्या गोष्टीत एक बुवा होता, दादा. गमतीचा. पुलावर उभा राहून कीर्तन करायचा. तुमचाच आवाज काढायचो मी. देवेश तर हसून लोळायचा. वाईट मनानं नाही, दादा, अल्ला जानता. त्याला आम्ही लाडानं ठेवला होता. कुणी पूल ओलांडायला आलं की तो म्हणायचा..."

"अजून वेळ आलेली नाही," मुकुंद म्हणाला.

"हौ."

"मग? आता नाही का तो?"

"मेला." ओवैस फरशीकडं बघत होता. "गणपतीच्या आसपास. मनस्विनीला पलीकडं जायचं होतं. तो सोडेना. ती चिडली, खरंच चिडली, डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. तिनं मंत्र टाकला. मी त्याच्यासाठी फासा टाकला, दादा, त्याला वाचवायला. सगळे मनात म्हणत होते वाचू दे. तीसुद्धा. पण एका सामान्य माणसाला सातव्या पायरीचा मंत्र कसा सोसणार?"

मुकुंद ऐकत होता. आत कुठंतरी दुखायला पाहिजे होतं, तिथं त्याच्यातला कथेकरीच जागा झाला, इतक्या वर्षांची सवय, आणि त्यानं जे कुठल्याही झुंजीआधी विचारायचं असतं ते विचारलं.

"त्याची पायरी कोणती होती?"

ओवैसनं वर पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण हा खेळ तो मुकुंदकडूनच शिकला होता, आणि नियमाला तो पक्का होता.

"त्याला पायरी नव्हती, दादा. वाटेवरच्या माणसांना आपण देत नाही ना."

"बरोबर आहे," मुकुंद म्हणाला. "नाही देत."